एका धाग्याचे सोळा पदर

आईला कुणीही भरतकाम दाखवलं की ती आधी ते उलटं करून बघते. पुढची बाजू नंतर. लग्नात आलेला टेबलक्लॉथ असो, प्रदर्शनातून आणलेली ओढणी असो, नाहीतर मी सातवीत शाळेसाठी भरलेला रुमाल. मागे गाठींचे गोळे दिसले, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर दोरा आडवा ओढलेला दिसला, की ती बोलत काहीच नाही. कापडाची नीट घडी घालते आणि परत देते. लहानपणी ती घडी मला फार लागायची.

तिच्या भरतकामाचं सामान बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात असायचं. अँकरच्या लडी, कागदावर टोचलेल्या सुया, लाकडी रिंग, ट्रेसिंगच्या कागदाची सुरळी. दोऱ्याला सहा पदर. रुमालाला दोन पदर घ्यायचे, अभ्र्याला तीन, जाड कापडावर सगळे सहा. सहातले दोन वेगळे करताना माझा हमखास गुंता व्हायचा. आई एकच पदर चिमटीत धरून सरळ वर ओढून घ्यायची. बाकीचे पाच खाली गोळा व्हायचे आणि तो एक सुटला की आपसूक लांब व्हायचे. दोऱ्याचा शेवट म्हणजे सहा पदर, ही माझी समजूत तिथून आलेली. त्यापुढे दोऱ्यात फोडण्यासारखं काही उरत नाही, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते.

मुलगी कामासाठी शांघायला होती तेव्हा मी दोन महिने तिच्याकडे राहिले. तिथून सुझोउ जलद गाडीनं अर्ध्या तासावर. कालव्यांचं, बागांचं, रेशमाचं जुनं शहर. त्याच्या पश्चिमेला ताई सरोवराच्या काठी झेनहू नावाचं गाव आहे आणि त्या गावाची ओळखच मुळी तिथल्या भरतकाम करणाऱ्या ८,००० बाया अशी सांगतात. एक अख्खा रस्ता भरतकामाच्या दुकानांचा. बहुतेक दुकानांत दर्शनी भागात, काचेजवळ, एक बाई लाकडी चौकटीशी बसलेली. आपल्याकडे जरदोजीवाले कारचोबावर कापड ताणतात, तसंच तिथे ताणलेलं. फक्त कापड इतकं झिरझिरीत की पलीकडचा तिचा हात दिसत होता.

मी जिच्याजवळ थांबले ती साधारण माझ्याच वयाची होती. माशाच्या शेपटीवर काम चाललं होतं. तिनं लडीतून एक धागा काढला. आपल्या शिवणाच्या दोऱ्याहून बारीकच. डाव्या हाताच्या चिमटीत धरून त्याचा पीळ उलटा फिरवून सैल केला आणि नखाच्या टोकानं मधोमध फट पाडली. त्या फटीतून दोन बोटं सरकवत शेवटपर्यंत नेली. एकाचे दोन झाले. मग त्यातल्या एकाचे दोन. मग पुन्हा. चौथ्या वेळेला माझ्या डोळ्यांना तिच्या बोटांत काहीच दिसेना. तिनं हात काळ्या कापडासमोर धरला तेव्हा कुठे एक रेघ चमकली.

"आई, त्या म्हणतायत, हा सोळावा भाग," मुलगी म्हणाली. "शेपटीला एवढा लागतो. अंगाला चार-आठ भागांतला चालतो."

पाण्यात माशाची शेपटी जाड दिसून कशी चालेल, तिच्यातून पाणी दिसायला हवं ना, असं काहीतरी ती बाई पुढे म्हणाली. आणि तिनं तो न दिसणारा धागा सुईत ओवला. डोळ्यांनी ओवलं असेल असं मला वाटत नाही. नेढं शोधलं ते बोटांनीच.

त्या दिवसापासून मी या विषयात अडकले आहे.

हे शक्य होतं ते रेशमामुळे, हे आधी सांगायला हवं. कापूस असा फुटत नाही. कापसाचे तंतू आखूड, ते पिळूनच एकत्र राहतात. पीळ सोडला की दोरा संपला. रेशमाचा किडा मात्र एका कोषात शेकडो मीटर लांबीचा सलग तंतू सोडतो. तोही खरा दुहेरी असतो, दोन धारा एका नैसर्गिक डिंकात चिकटलेल्या. कोष उकळून, धागा धुऊन तो डिंक काढला की वजनातला जवळपास पाव भाग जातो आणि मऊ, झळाळणारं रेशीम उरतं. तंतूचा छेद पाहिला तर तो गोल नसून तीन कोनांचा असतो, त्यामुळे त्यावर पडलेला उजेड आरशासारखा परततो. भरतकामाच्या धाग्याला पीळ अगदी नावापुरता देतात. म्हणून तो फुटतो, आणि म्हणूनच कापडावर चपटा पसरतो.

चपटा पसरतो, ही साधी वाटणारी गोष्ट मला समजायला वेळ लागला. बारीक काम म्हणजे कौतुकाचं काम, अवघड म्हणून मोठं, असं मी समजत होते. पण धागा फोडायचं कारण निराळं आहे. पिळाच्या दोऱ्यावर उजेड तुकड्यातुकड्यानं चमकतो. बिनपिळाचे बारीक तंतू शेजारी शेजारी, एका दिशेनं निजवले की त्यांचा मिळून एक पृष्ठभाग होतो आणि तो एकच उजेड परत करतो. तोच रंग आडव्या टाक्यांनी भरला तर उजळ दिसतो, उभ्या टाक्यांनी भरला तर गडद. चौकट पाव फेरी फिरवली की याचं उलट. झेनहूच्या त्या बाईनं मला एक पांढरं फूल दाखवलं. मी त्यात चार-पाच छटा मोजल्या. तिनं एकच लडी पुढे केली. पांढरी. पाकळ्या फक्त वेगवेगळ्या दिशांनी भरलेल्या होत्या.

सुझोउमध्ये काम पारखायची आठ अक्षरांची कसोटी आहे. तिची सुरुवात 'सपाट' या अक्षरानं होते आणि शेवट 'झळाळी' या अक्षरावर. मधे कडा नेटक्या, टाके बारीक, दाट, समान, वळण ओघवतं, रंग एकमेकांत मुरलेले. या यादीत सुंदर असा शब्द नाही, याचं मला बरं वाटलं. सपाट झालं का, कडा नेटक्या आल्या का, हे बोटानं तपासता येतं. आईला ही यादी आवडणार, हे तिथंच कळलं.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीची हजार-बाराशे वर्षं चिनी भरतकामात हे काहीच नव्हतं. होता तो साखळी टाका! आपल्याकडे पहिल्यांदा सुई हातात दिलेल्या मुलीला धावदोऱ्यानंतर शिकवतात तोच. हुबेइ प्रांतात जियांगलिंगजवळ माशान इथे १९८२ मध्ये एक लहानशी कबर उघडली. चू राज्यातल्या एका बाईची, सुमारे २,३०० वर्षांपूर्वीची. आत वस्त्रांचे थर, आणि त्यांवर साखळी टाक्यानं भरलेले ड्रॅगन, फीनिक्स, वाघ, एकमेकांत वेलीसारखे वळलेले. फीनिक्सची शेपटी कुठे संपते आणि ड्रॅगनची मान कुठे सुरू होते हे शोधावं लागतं. फोटो बघताना मी बोटानं त्या वळणांचा माग काढत बसते. साखळी टाका रेषेचा टाका आहे. तो वळतो छान, पण उजेड पसरू देत नाही. त्यामुळे त्या कामात सगळा जीव रेषेत आहे.

चांगशाजवळच्या मावांगतुई इथली कबर जास्त प्रसिद्ध. १९७२ मध्ये उघडली. हान काळातल्या एका सरदाराची पत्नी, मृत्यू इसवी सनापूर्वी १६५ च्या आसपास. देह इतका टिकलेला की सांधे अजून वाकत होते. सगळे तिच्याविषयी आणि ४९ ग्रॅम वजनाच्या तिच्या त्या झिरझिरीत अंगरख्याविषयी बोलतात. मला त्याहून मोलाची वाटते ती कबरीत सापडलेली यादी. बांबूच्या पट्ट्यांवर, बरोबर काय काय पाठवलं याची. त्या यादीत भरतकामाच्या प्रकारांची नावं आहेत. एक 'दीर्घायुष्य', एक 'ढगांवर स्वार', आणि एक असं ज्याचा अर्थ लागतो 'ठरल्या वेळी परतणारं'. त्या नक्षीत पाकोळीसारख्या पक्ष्याचा आकार आहे. दर वर्षी नेमक्या ऋतूला परत येणारा पक्षी. दोन हजार वर्षांपूर्वी एका नक्षीचं नाव असं ठेवलेलं होतं, आणि कुणीतरी सामानाची यादी चोख केली म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. आपल्याकडच्या काशिद्यांची, वेलबुट्ट्यांची किती नावं अशी कुणी लिहिली असतील?

साखळीकडून सपाट टाक्याकडे जाण्याच्या मधल्या वाटेवर एक फार मोठं काम उभं आहे, अगदी शब्दशः मोठं. जवळजवळ अडीच मीटर उंच, दीड मीटरहून जास्त रुंद. वायव्य चीनमधल्या तुनहुआंगच्या बौद्ध गुहांपैकी क्रमांक १७ मध्ये हस्तलिखितांबरोबर बंद होऊन राहिलेलं, आठव्या शतकातलं. मधोमध उभा बुद्ध, दोन्ही बाजूंना बोधिसत्त्व, खाली दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या रांगा. राजगीरजवळच्या गृध्रकूट पर्वतावर उपदेश करणारा शाक्यमुनी म्हणून ते ओळखलं जातं. १९०७ मध्ये ब्रिटिश संशोधक ऑरेल स्टाईननं गुहेची राखण करणाऱ्या ताओपंथी साधूकडून जे विकत घेतलं त्यात हे होतं. आता ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे जाण्याची ती रीत मला आजही खुपते, पण तो वेगळा विषय.

यात टाका फार करून दुभंगी. म्हणजे एक टाका घ्यायचा आणि पुढचा टाका वर काढताना सुई आधीच्या टाक्याच्या मधोमध, धागा फाडून काढायची. दिसायला साखळीसारखा, पण सपाट. बुद्धाचा लाल अंगरखा अशा ओळींवर ओळींनी भरला आहे. मधल्या बुद्धाच्या दोन्ही बाजूंचे शिष्य मात्र जवळजवळ नाहीसे झालेत. त्यांच्या अंगावर घडी पडली होती. हजार वर्षं घडीत राहिल्यावर कापड तिथंच फाटलं. आईची घडी मला इथे आठवते, का ते सांगता येत नाही.

पुढे थांग काळात सपाट टाका रुळला, सोंग काळात चित्रकारांची चित्रं सुईनं उतरवायचा ध्यास लागला, मिंग काळात अधिकाऱ्यांच्या छातीवर दर्जा सांगणारे भरतकामाचे चौकोन आले, मुलकी अधिकाऱ्याला पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्याला प्राणी. हे सगळं मी भराभर ओलांडते आहे, कारण मला शांघायच्या एका घरात जायचं आहे.

गू मिंगशी नावाचे गृहस्थ १५५९ मध्ये साम्राज्याची वरची परीक्षा उत्तीर्ण झाले. निवृत्तीनंतर शांघायला त्यांनी बाग बांधली. तळं खणताना एक जुना दगड मिळाला, त्यावर जुन्या नामांकित चित्रकाराच्या हस्ताक्षरात 'दवगंधाचं तळं' अशी अक्षरं. बागेला तेच नाव पडलं. या घरातल्या बायका, सुना, उपपत्नी भरतकाम करत. घरात चित्रं, घरात चित्रांची जाण, आणि हातात सुई. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे नातसून हान शीमंग. तिनं सोंग आणि युआन काळातल्या चित्रांवरून आठ पानांचा एक संच भरला. तो आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यासाठी तिची काही वर्षं गेली, आणि १६३४ मध्ये नवऱ्यानं त्याला टीप लिहिली. त्या काळचा सर्वांत मान्यवर चित्रकार-समीक्षक दोंग छीछांग यानं पानांसमोर कविता लिहिल्या. सुई इथवर कशी पोचते, असं त्यानं अचंब्यानं विचारल्याचं नवऱ्यानंच नोंदवलं आहे.

त्या टिपेतली एक गोष्ट मी वहीत उतरवून ठेवली आहे. नवरा लिहितो की बोचऱ्या थंडीत, दमट उकाड्यात, वाऱ्यानं अंधारून आलं असताना किंवा पावसाळी काळोखात ती कामाला हात लावायची नाही. आभाळ निवळलं, ऊन पडलं, पक्षी खूश असले, फुलांचा वास आला, की समोरचं ते जिवंतपण टिपून ती रेशमात टोचायची.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कवित्व वाटलं. श्रीमंत घरातली हौस. धागा फुटताना पाहिल्यावर कळलं की ही कामाची अट आहे. दमट हवेत बोटं घामेजतात आणि सोळावा पदर बोटाला चिकटतो. थंडीत कातडी खरखरीत होते, धागा अडकतो. (झेनहूच्या बायाही हातांना फार जपतात, खरखरीत कामं टाळतात.) आणि ढगाळ दिवशी पांढऱ्याच्या कुठल्या छटेला किती उजेड मिळतोय हे कळणार कसं? ज्या गोष्टीनं चित्र घडतं तीच नसेल तर सुई उचलून करायचं काय.

याच घराण्याच्या वंशातली गू लानयू तरुणपणी विधवा झाली. पुढची बरीच वर्षं तिनं मुली घेऊन भरतकाम शिकवलं. एका घराचं गुपित असं बाहेर पडलं आणि सुझोउपर्यंत पोचलं. गरज नसती तर कदाचित ते घरातच मेलं असतं.

आता शेन शौ. या बाईविषयी मला बोलायचं तर थांबणं अवघड आहे. जन्म १८७४, सुझोउचा. लहानपणापासून सुई हातात. १९०४ मध्ये विधवा सम्राज्ञी त्सशीच्या सत्तरीसाठी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं भरतकामाचे पडदे पाठवले. सम्राज्ञीनं खूश होऊन दोन अक्षरं लिहून दिली, 'फू' म्हणजे सौभाग्य आणि 'शौ' म्हणजे दीर्घायुष्य. नवऱ्यानं पहिलं अक्षर नाव म्हणून घेतलं, तिनं दुसरं. दीर्घायुष्य हे नाव मिळालेली ही बाई पन्नाशीही गाठू शकली नाही.

त्याच सुमारास तिला जपानला पाठवलं. तिथे तिनं पाश्चात्त्य चित्रं, छायाचित्रं जवळून पाहिली आणि परत आल्यावर तिच्या कामाचं वळण बदललं. १९११ च्या तुरिनच्या प्रदर्शनात तिनं भरलेलं इटलीच्या राणीचं चित्र गेलं, १९१५ ला सॅन फ्रान्सिस्कोला काटेरी मुकुटातला येशू. चेहरा! गालावरून मानेकडे उतरणारी सावली, पापणीखालची ओल, हे टाक्यांनी.

तिनं स्वतः याचा उलगडा केला आहे. तिचं म्हणणं असं की माझे टाके कुणी नवे दिलेले नाहीत, लहानपणी शिकले ते जुनेच आहेत. पण वस्तूला तिचं खरं रूप असतं हे उमगलं. मग युरोपातली चित्रं पाहिली, ती छायाचित्रावर आधारलेली. छाया प्रकाशातून येते, प्रकाशाला उजळ आणि काळी अशा दोन बाजू असतात, त्या ओळखायला हव्यात. तेव्हा जुन्याच पद्धतीत मी नवा विचार चालवला. शंभर वर्षांपूर्वी एका भरतकाम करणाऱ्या बाईनं इतक्या नेमकेपणानं हे सांगितलंय, आणि आपल्याकडे अजून भरतकाम म्हणजे दुपारचा विरंगुळा.

हे बोल टिकले कसे, ती हकिकत वेगळीच. नानतोंगचे उद्योगपती झांग ज्यान यांनी मुलींसाठी भरतकामाची शाळा काढली आणि १९१४ मध्ये शेन शौला तिथे बोलावलं. काही वर्षांत ती आजारी पडली. आपल्याबरोबर ही विद्या जाईल या धास्तीनं झांग तिच्या उशाशी बसून विचारत, ती सांगे, ते लिहून घेत. एक एक टाका, एक एक हत्यार, रंग कसे निवडायचे, काम किती वेळ करायचं आणि डोळ्यांना विसावा कधी द्यायचा, सगळं. टाक्यांचे १८ प्रकार. प्रस्तावनेत झांग यांनी लिहिलंय त्याचा अर्थ असा, की यातलं एकही अक्षर माझ्या हातून उतरल्याशिवाय राहिलेलं नाही, आणि खरं तर एकही वाक्य तिच्या तोंडून आल्याशिवाय राहिलेलं नाही. १९२१ मध्ये ती गेली.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. हान शीमंग आपल्याला ठाऊक आहे, कारण नवऱ्यानं टीप लिहिली. शेन शौ ठाऊक आहे, कारण झांग ज्यान यांनी लेखणी धरली. दोघंही भली माणसं, दोघांनीही श्रेय जिथलं तिथं दिलं. पण सुईला लेखणीची साक्ष लागली ती लागलीच. ज्यांच्या उशाशी कुणी वही घेऊन बसलं नाही त्यांचं काय झालं ते माशानच्या ड्रॅगनलाच माहीत.

आणि असे अनामिक हात आपल्या मुंबईतही पोचले होते. दादरला आमच्या वरच्या मजल्यावर एक पारशी बाई राहायच्या. त्यांच्याकडे गारा, म्हणजे चिनी भरतकामाची पारशी साडी होती, आजीकडून आलेली. जांभळट काळ्या रेशमावर मोतिया रंगाचं भरतकाम, शेवंती, बगळे, पूल, छत्रीवाली माणसं. त्या माणसांना त्या 'चीना-चीनी' म्हणत, आणि ठिपक्याठिपक्यांच्या नक्षीला 'कांदा-पापेटा'. वर्षातून एकदा ऊन द्यायला तो बाहेर काढत तेव्हा आईला हाक मारत. "हात पुसून ये हां," एवढं म्हणायच्या. आईनं अर्थातच कोपरा उलटून पाहिला. मग मान वर करून म्हणाली, "हे बायकांचं काम आहे?"

प्रश्न नेमका होता, हे मला फार उशिरा कळलं. गारा भरला जायचा ग्वांगझोउला, ज्याला आपले व्यापारी कँटन म्हणत. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांशी होणाऱ्या सागरी व्यापाराला तेच एक बंदर खुलं होतं आणि मुंबईचे पारशी व्यापारी तिथे जाऊन-येऊन होते. जमशेटजी जीजीभाईंनीच चीनच्या पाच सफरी केल्या. जाताना कापूस आणि अफू, येताना चहा, चिनी माती, रेशीम. आणि ग्वांगझोउच्या भरतकामाच्या पेढ्यांवर काम करत ते बहुतेक पुरुष. मोठ्या चौकटी, ठरलेल्या मागण्या, परदेशी गिऱ्हाईक. स्पेनला जाणाऱ्या शाली त्याच बंदरातून मनिलामार्गे गेल्या, साडीच्या लांबीचे गारे मुंबईला आले. अफूच्या पैशातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं हे आपण जाणतो. त्याच पैशातून कुणाच्या तरी आजीच्या खांद्यावर शेवंती आली, हेही त्यासोबत जाणायला हवं. त्या शेवंतीमुळे मला अफूचा विसर पडत नाही, आणि अफूमुळे शेवंती कमी सुरेख वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतं.

त्या गाऱ्यावर बारीक गाठींनी भरलेले भाग होते. आपला गाठीचा टाका, फक्त मोहरीपेक्षा लहान. या टाक्यावर चीनमध्ये बंदी होती, तो घालताना मुली आंधळ्या होत, असं सर्रास सांगतात. ही गोष्ट चीनबाहेर, विकणाऱ्यांच्या तोंडी वाढलेली आहे. तिथे त्या टाक्याचं नाव 'बी पेरणं' इतकं साधं आहे. डोळे जातात हे मात्र सगळ्याच टाक्यांनी जातात. शेन शौनं विश्रांतीवर एवढं उगाच सांगितलेलं नाही.

झेनहूच्या बाईला मी निघताना मागची बाजू दाखवायला सांगितली. आईची लेक आहे मी. मुलीनं भाषांतर केलं तशी ती हसली, आणि चौकट उभी करून फिरवली. मागेही मासा होता. तोच, तितकाच नेटका, फक्त तोंड दुसरीकडे. विसाव्या शतकात सुझोउनं ज्यासाठी नाव कमावलं ते हे दुहेरी भरतकाम, दोन्ही बाजूंनी सारखं. १९५७ मध्ये तिथे भरतकाम संशोधन संस्था निघाली. तिथली मांजरं जगभर गेली, एकेका डोळ्यासाठी वीस-वीस छटा वापरलेली. २००६ मध्ये सुझोउसह हुनान, ग्वांगदोंग, सिचुआन आणि शांघायच्या गू घराण्याचं भरतकामही चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत आलं. यंत्रं अर्थातच आली आहेत. त्याच रस्त्यावर यंत्राची मांजरंही मिळतात, आणि ती लांबून बरी दिसतात.

पण गाठ कुठे जाते? मी तेच विचारलं. गाठ नसतेच. सुरुवातीला दोन-तीन कणभर टाके जागच्या जागी घेऊन टोक अडकवायचं, आणि मग त्यावरून पुढचे टाके जाऊ द्यायचे. संपतानाही तसंच. सुई तिरकी गेली तर पलीकडच्या टाक्याला टोचते, म्हणून ती दर वेळी अगदी उभी घालायची. एक हात वर, एक खाली. तिनं करून दाखवलं. टोक आत गेलं आणि मला ती जागा पुन्हा सापडली नाही.

मी तिच्याकडून तळहाताएवढं मांजर विकत घेतलं आणि पांढऱ्या रेशमाची एक लडी. लडी ती विकत नव्हती, मागितल्यावर तशीच दिली.

घरी आल्यावर मांजर आईच्या हातात ठेवलं. तिचं वय आता ७९, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तिनं नेहमीप्रमाणे आधी उलटं केलं. थांबली. पुन्हा उलटं केलं. मग चष्मा लावला, खिडकीशी गेली आणि आणखी एकदा उलटं केलं. अंगठा मांजराच्या पाठीवरून कानाकडे, कानाकडून पाठीवर.

"सुरुवात कुठून केली असेल गं हिनं?"

मला सांगता येईना. मी लडी काढली आणि धागा फोडून दाखवायला बसले. एकाचे दोन, दोनाचे चार, इथवर जमलं. आठव्याला तुटला. पुन्हा आठव्याला तुटला. आई थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आण इकडे." तिनं धागा चिमटीत धरला, पीळ उलगडला आणि डोळे मिटून नखानं फट शोधायला लागली. पत्र्याचा डबा तिनं कधी जवळ ओढून घेतला होता ते मला कळलंच नाही. रिंगमध्ये मलमलीचा तुकडा लावलेला होता.

दुपारचे चार वाजत आले होते. मी तिच्या हातावर वाकून बघत होते.

"जरा उजेडातून बाजूला हो," ती म्हणाली.